हातावरची चानकी

कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या गल्लीतल्या बायका उजाडायच्या आत घराबाहेर पडायच्या. मजुरी किलोवर. जेवढा वेचाल तेवढे पैसे. त्यामुळं जी आधी रानात पोचेल तिची ओटी आधी भरायची. कडेवर लेकरू घेऊन गेलं की वेचणी निम्म्यावर येते, आणि मालकही तोंड वाकडं करतो. म्हणून आया निघून जायच्या आणि आम्ही पोरं मागं राहायचो. ही हिंगोलीतली, १९८०च्या दशकातली गोष्ट. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला एक तालुका होता. जिल्हा झाला तो १ मे १९९९ला. स्टेशनच्या पाटीवर ‘हिंगोली डेक्कन’ असं निजामाच्या काळातलं नाव होतं, ते आजही आहे, आणि पूर्णा-अकोला मीटरगेजची गाडी धापा टाकत यायची. अंगणवाडीची योजना २ ऑक्टोबर १९७५ला देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली होती खरी, पण आमच्या गल्लीपर्यंत ती आली तेव्हा माझं अंगणवाडीचं वय सरलं होतं.

आमची अंगणवाडी मोठीमायच्या ओसरीवर भरायची.

आमचं तिचं काही नातं नव्हतं. गल्लीतली सगळीच पोरं तिला मोठीमाय म्हणायची, म्हणून मीही म्हणायची. घर माळवदाचं, मातीच्या जाड भिंती, पुढं शेणानं सारवलेली ओसरी. उन्हाळ्यात सगळं गाव तापलेलं असायचं, पण तिच्या ओसरीवर गारवा असायचा. तिचा जन्म निजामाच्या राज्यातला. तारीख कुणालाच माहीत नव्हती. ‘रझाकाराच्या टायमाला मी परकर नेसायची’ एवढाच तिच्या वयाचा दाखला. लेकींची लग्नं झालेली, एक नातू जवळ ठेवलेला, नवरा मोंढ्यात हमाली करायचा आणि अंथरुणाला खिळलेली म्हातारी सासू आतल्या खोलीतून दिवसभर हाका मारायची.

मोठीमाय वाकळा शिवायची. लोक जुनी लुगडी, धोतरं, चिंध्या आणून द्यायचे, आणि ती त्यांची वाकळ करून द्यायची. मोबदल्यात ज्वारी नाही तर तूर, मापानं. हे काम घरी बसून होणारं, म्हणून ती दिवसभर घरी असायची, आणि ती घरी असायची म्हणून गल्लीतल्या आया निर्धास्तपणे रानात जायच्या. आमच्या बायाबापड्यांचं अर्थकारण एका शिवणाऱ्या बाईच्या घरी असण्यावर उभं होतं, हे मला फार उशिरा उमगलं. वाकळ अंथरली की कापड ताणून धरायला वजन लागतं. मोठीमाय चारी कोपऱ्यांवर चार पोरं बसवायची. कापड हलत नव्हतं आणि पोरंही हलत नव्हती. उरलेल्यांनी सुईत दोरा ओवून द्यायचा. तिची नजर अधू होत चालली होती, आमचे डोळे कोवळे. धावदोऱ्याच्या ओळी एकमेकींना धरून वाकळीच्या कडेकडेनं आत सरकत जायच्या, आणि ती शिवता शिवता बोलत राहायची. आम्हाला बेरीज शिकवली ती टाके मोजून. वाकळीतला कापडाचा एखादा तुकडा ओळखीचा निघाला, की ‘ही माझ्या आज्जीच्या लुगड्याची’ म्हणून एखादं पोरगं ओरडायचं, आणि मग त्या आज्जीची गोष्ट निघायची.

दुपारी ती भाकरी करायला बसली, की आम्ही चुलीभोवती गोळा. काठवटीत ज्वारीचं पीठ, मधे खळगा, त्यात कढत पाण्याची धार. पीठ मळताना तिच्या तळहाताची टाच खाली रेटायची आणि बोटं पीठ परत ओढून आणायची. पीठ जुनं झालेलं असलं की भाकर काठाला चिरते, मग ती अजून एकदा कढत पाणी घालून मळायची, घाई करायची नाही. मोठी भाकर घरच्यांची. ती तव्यावर पडली, वरून पाण्याचा हात फिरला, उलटली, आणि चुलीच्या तोंडाशी आरावर टेकवून टम्म फुगली, की हातातला पुढचा गोळा लहान असायचा. ती आमची चानकी. तळहाताएवढी. प्रत्येकाला स्वतंत्र. मोठ्या भाकरीचा तुकडा मोडून तिनं कधी दिला नाही. ती वरचा पापुद्रा सोडवायची, आत तिखट, मीठ आणि करडईच्या तेलाचा थेंब, पापुद्रा परत झाकून हातावर ठेवायची. ‘भाजंल, फुंकून खा.’ पहिली चानकी त्या दिवशी नव्यानं आलेल्या पोराला. शेवटची तिच्या नातवाला. या क्रमात कधी बदल झाला नाही, आणि नातवानंही कधी कुरकुर केली नाही, कारण त्याला दुसरा क्रम माहीतच नव्हता.

ताट आम्हाला कधी मिळालं नाही. चानकी हातावर. पाणी प्यायचं तर ओंजळ पुढं करायची, मोठीमाय तांब्यानं वरून धार धरायची. सगळ्यांना तसंच. तिच्या नातवालाही तसंच.

पुष्कळ वर्षांनी, मी नोकरीला लागल्यावर, एकदा बोलता बोलता आईनं या पाण्याच्या धारेचा उलगडा केला. गल्लीत अनेक जातींची घरं होती. आतल्या खोलीतली सासू जुन्या वळणाची होती. कुणाचं पोर कुठल्या पेल्याला तोंड लावतं, कोण कुठल्या ताटलीत जेवतं, यावर तिचे कान असायचे आणि ती आरडाओरडा करायची. काही पोरांना वरून पाणी वाढायचं, हा त्या काळच्या गावचा रिवाजच होता, आणि ज्याच्या ओंजळीत ते पडायचं त्याला त्याचा अर्थ लहानपणीच कळायचा. मोठीमायनं सासूशी भांडण केलं नाही. तिनं ताटं आणि पेले यांचा प्रश्नच ओसरीवरून उठवून टाकला. सगळ्यांनाच हातावर भाकर, सगळ्यांनाच वरून पाणी. स्वतःच्या नातवाची ओंजळही तिनं त्याच रांगेत धरायला लावली. त्यामुळं आमच्यापैकी एकाही पोराला ती धार बोचली नाही. तिच्या ओसरीवर तरी ती कुणासाठी वेगळी राहिली नव्हती. मी समतेवरची बरीच भाषणं ऐकली आहेत, काही चांगलीही होती. पण घरातल्या एका खाटेवर विरोध पडलेला असताना, एका शब्दानं वाद न घालता एवढी मोठी गोष्ट घडवून आणणारी दुसरी व्यक्ती मी पाहिलेली नाही.

दिवेलागणीला आया परतायच्या. कापसाच्या बोंडांचे काटे लागून बोटं चिरलेली, पाठ आखडलेली. मोठीमाय मला आईच्या हवाली करताना रोज एकच वाक्य म्हणायची. ‘घे माय तुझी पोरगी. सकाळपासून घासाला शिवली न्हाई बघ, तुझ्याच हातचं पाहिजे म्हणते.’

आणि मी तर दुपारी दोन चानक्या खाल्लेल्या असायच्या. पहिल्यांदा मी मधे बोलायला तोंड उघडलं, तर तिनं असं काही पाहिलं की ते तसंच मिटलं. घरी आल्यावर आई आधी चूल पेटवायची. दमलेली असली तरी पहिली भाकर माझी. मी पुन्हा जेवायची, आईसमोर बसून, आणि आई माझ्याकडं बघत राहायची.

हे खोटं मोठीमाय का बोलत होती, ते कळायला मला स्वतः आई व्हावं लागलं. दिवसभर दुसऱ्याच्या रानात राबून आलेल्या बाईला आपलं लेकरू आपल्यावाचून अडलं होतं हे ऐकायचं असतं. ‘पोटभर जेवली, खेळली, तुझी आठवणसुद्धा काढली नाही’ हे ऐकून तिला हायसं वाटेल, पण कुठंतरी ती रितीही होईल. आमच्या मोठीमायला हे कुणी शिकवलं नव्हतं. तिनं आम्हाला सांभाळलं, पण आमच्यावर हक्क सांगितला नाही. दुसऱ्याचं लेकरू जीव लावून सांभाळायचं आणि तरी ते दुसऱ्याचंच राहू द्यायचं, यासाठी माया लागते त्याहून अधिक काहीतरी लागतं. मुलांना जीव लावणारी माणसं पुष्कळ असतात. मुलांच्या आईची आब राखणारी थोडी.

आईला हे सगळं ठाऊक होतं. ‘मला काय कळत नव्हतं व्हय? तुझ्या हनुवटीला पीठ लागलेलं असायचं,’ ती म्हणाली. मग तू कधी बोलली का नाहीस, म्हणून विचारलं, तर म्हणाली, ‘ती माझ्यासाठी बोलायची. मी कामून मोडू?’

ही समज मोठीमायला आली कुठून याचा मी विचार केला आहे, आणि माझ्या मते ती बहात्तरच्या दुष्काळातून आली. १९७२चा दुष्काळ मराठवाड्यानं जसा भोगला तसा फार थोड्या मुलखांनी भोगला असेल. दुष्काळी कामांवर जाऊन खडी फोडायची, पाझर तलावांची माती वाहायची, रस्त्यांची कामं करायची. खायला परदेशातून आलेला लाल मिलो आणि पोरांसाठी सुकडी. मोठीमाय तेव्हा एका कामावर होती आणि नुकतीच बाळंत झालेली होती. घमेलं उचलण्याची ताकद नव्हती. टोळीतल्या बायकांनी आपसात ठरवलं, की हिनं लिंबाखाली बसून सगळ्यांची लेकरं बघायची आणि आपण आपल्या मजुरीतून हिचा वाटा काढायचा. झाडाला लुगड्यांच्या झोळ्या बांधल्या. ती सांगायची, ‘माझ्या अंगावर दूध होतं तवर मी कुणाचं लेकरू रडू दिलं न्हाई. दिसंल त्याला घेतलं.’ संध्याकाळी त्या बायका झोळीजवळ यायच्या तेव्हा त्यांचे चेहरे तिनं पाहिले होते. दमलेल्या आईला काय ऐकायचं असतं हे तिला लिंबाखालीच कळलं असणार.

पुढं महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा आला, २६ जानेवारी १९७९पासून लागू झाला. आणि २००५च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यात तर लिहूनच ठेवलं गेलं, की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यायची. कामावर किती ठिकाणी अशी बाई खरोखर बसलेली दिसते, हा प्रश्न वेगळा. पण कायद्यात ते कलम वाचलं तेव्हा मला आनंद झाला. ते लिंबाच्या सावलीत आधी झालेलं होतं, बायकांनी आपल्या अर्ध्या पोटातून पैसे काढून केलेलं होतं.

गल्लीत मात्र तसं कलम नव्हतं आणि आजही नाही. जनगणनेच्या भाषेत घर सांभाळणारी बाई काम न करणाऱ्यांच्या रकान्यात जाते. २०१९च्या देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बाया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ९७, असं दिसलं, आणि त्यावर बरंच लिहून आलं. लिहायलाच हवं होतं. पण ती मिनिटं आहेत घरातल्या माणसांसाठी केलेल्या कामाची. शेजारणीच्या पोरीच्या डोक्यातल्या उवा काढायला बसलेली मोठीमाय त्या आकड्यातसुद्धा नाही.

वर्षातून एकदा ती आम्हाला नर्सीला न्यायची. नर्सी हे परंपरेनं संत नामदेवांचं जन्मगाव, कयाधूच्या काठी. आषाढीला पंढरपूरला जाऊन आलेली माणसं पुढच्या वद्य एकादशीला, कामिका एकादशीला, नर्सीत येतात. तिला आमच्याकडं परतवारी म्हणतात. नर्सीचं दर्शन झाल्याशिवाय पंढरीची वारी पुरी होत नाही, असं आमच्याकडची माणसं मानतात. मोठीमायला पंढरपूरला जायला जमत नव्हतं. सासू, नातू आणि आम्ही. पण परतवारी तिनं चुकवली नाही. आधी आयांची परवानगी, मग भाकरीचं गाठोडं, मग पोरांची रांग. वाटेत चिखल. पावसाळ्यात कयाधू फुगलेली असली की आम्हाला पाण्याच्या बाजूला चालू द्यायची नाही. आपण त्या कडेनं, आम्ही आतल्या कडेनं.

चालताना ती जनीची गोष्ट सांगायची. गंगाखेडची पोर. आई गेली, बापानं नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी आणून सोडली, तिथं दळत-कांडत वाढली. देव येऊन तिच्याबरोबर दळतो, तिची वेणी घालतो, ही गोष्ट महाराष्ट्रात घरोघर सांगतात, आणि ऐकणाऱ्याचे डोळे देवाच्या प्रेमानं भरून येतात. मोठीमाय मात्र इथं थांबायची. तिला राग यायचा. ‘बिनमायच्या पोरीची वेणी घालायला देवाला यावं लागलं बघा. त्या आळीत एक बी बाई नव्हती व्हय?’

एवढ्या वर्षांत जनाबाईंवर मी बरंच वाचलं. हा प्रश्न मला कुठंही सापडला नाही. तो विचारायला रोज सकाळी कुणाकुणाच्या मुलींच्या वेण्या घातलेला हात लागतो. माझीही वेणी तिनंच घातली आहे. आई अंधारात निघून गेलेली असायची. मोठीमाय मला गुडघ्यांत धरायची, खोबरेल तेलाचं बोट भांगातून ओढायची, फणी फिरवायची आणि शाळेची रिबीन इतकी घट्ट बांधायची की कपाळाची कातडी ताणली जायची. शाळेत बाईंनी कधी ‘केस विंचरून येत जा’ असं मला म्हटलं नाही.

नर्सीला पंजाबातले शीख भाविकही येतात. नामदेवांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. एका परतवारीला एक पंजाबी बाई गर्दीत गुदमरली होती, कडेवरचं बाळ किंचाळत होतं. मोठीमायनं काही न विचारता ते बाळ उचललं, खांद्यावर टाकलं, पाठीवर थापटत ओट्यावर जाऊन बसली. दर्शन घेऊन ती बाई परत आली तेव्हा बाळ झोपलेलं. दोघींना एकमेकींच्या बोलण्यातलं अक्षरही कळत नव्हतं. मोठीमायनं हातवारे करून तिला जे सांगितलं ते मी लगेच ओळखलं. बाळ रडत होतं, तुलाच शोधत होतं.

आमची गल्ली आता ओळखू येत नाही. माळवदं गेली, स्लॅब आले. २००८मध्ये ब्रॉडगेज झाल्यावर जुनी गाडी गेली. कापसाच्या जागी सोयाबीन आणि हळद आली. हिंगोलीचं हळदीचं मार्केट यार्ड आज संत नामदेवांच्या नावानं ओळखलं जातं आणि मोंढ्याच्या बाजूनं वारं आलं की उग्र पिवळा वास येतो. आया अजूनही कामाला जातात, पूर्वीपेक्षा जास्तच. सेनगाव, कळमनुरी, औंढ्याकडच्या कितीतरी वस्त्या दिवाळीनंतर ऊसतोडीला रिकाम्या होतात. मागं राहिलेल्या मुलांसाठी शासनाची हंगामी वसतिगृहं असतात, काही चांगली चालतात. तरी माझ्या ओळखीच्या शिक्षिका सांगतात, की वर्गात एखादं पोर नीट आंघोळ करून, डबा घेऊन आलेलं दिसलं आणि त्याचे आईबाप कारखान्यावर असले, की चौकशी केल्यावर हमखास एखादी शेजारीण निघते. म्हणजे ही बाई संपलेली नाही. ‘पूर्वीचं शेजारपण आता राहिलं नाही’ हे वाक्य मला म्हणूनच मान्य नाही. ते म्हणणाऱ्याला बहुधा शेजाऱ्यांची गरज राहिलेली नसते. जिथं गरज आहे तिथं मोठीमाय आहे.

आमची मोठीमाय मात्र गेली. शेवटची वर्षं तिला दिसत नव्हतं. मी गेले की आधी माझं डोकं चाचपायची आणि केस कापले म्हणून रागवायची. गेली तेव्हा सुतक पाळायला नात्यातली माणसं थोडीच होती. तिरडीला खांदा द्यायला मात्र गल्लीतली पोरं पुण्याहून, नांदेडहून, छत्रपती संभाजीनगरहून आली. कुठल्या जातीचा खांदा कुठल्या बाजूला, हे कुणी पाहिलं नाही. सासूच्या खोलीचं दार तेव्हा उघडं होतं आणि खाट केव्हाच मोडीत गेली होती.

वाचणाऱ्यांना माझं एक सांगणं आहे. तुमची आई कामावरून येईपर्यंत लहानपणी तुम्हाला कुणी धरलं होतं, हे घरातल्या मोठ्या माणसांना विचारून घ्या, ती माणसं आहेत तोवर. ती बाई हयात असेल तर पत्ता शोधून जाऊन या. तुमची मुलं बरोबर न्या. आणि ती जेवायला बस म्हणाली, तर आत्ताच खाऊन आलो असं सांगू नका.